पिवळ्या टाकीतल्या चौदा माद्या

गव्हाणपाडा, मुलुंड (पूर्व)
रविवार, ३ ऑगस्ट १९६९

चि. मृणालिनी हिस,

अनेक आशीर्वाद. नावाआधी 'सौ.' लिहायचं की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही, म्हणून लिहिलेलं नाही. इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, पण दर पंधरा दिवसांनी घाटकोपरला जानकीमावशीकडे जाण्यापुरते ते बरे असतात. परवा ती परत आली तेव्हा पिशवीत मरोळच्या बेकरीचा पाव होता. घाटकोपरला पाव मिळत नाही अशी माझी समजूत नाही. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. पाव चांगला होता.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तू माझ्या माशांची वाट लावलीस.

नीट वाच, आणि तुझ्या नवऱ्यालाही वाचून दाखव. त्याला गप्पींची फार आवड होती ना? तुला यातलं काही सांगायला नको, पण त्याला कळावं म्हणून पहिल्यापासून लिहितो. गप्पीच्या मादीला एकदा नर लागला की पुढे सहा-आठ महिने ती त्याचीच पिल्लं देत राहते. मग तिच्यापुढे कितीही देखणा नर सोडा, उपयोग नाही. म्हणून पिल्लं तीन आठवड्यांची झाली की एकेकाला पांढऱ्या कपात घ्यायचं आणि खिडकीशी धरायचं. पोटाशी काळा ठिपका दिसला तर मादी, खालचा पर टोकदार व्हायला लागला असेल तर नर. नर एका टाकीत, माद्या दुसऱ्या टाकीत. माद्यांत एक नर चुकून राहिला की सगळी टाकी गेली.

मार्चमध्ये निळ्या माद्यांच्या टाकीची पुट्टी सुटली आणि पाणी ठिबकायला लागलं. म्हणून त्या नऊ कोवळ्या माद्या मी चार दिवस पिवळ्या माद्यांच्या टाकीत ठेवल्या. मादीशेजारी मादी ठेवली तर बिघडायचं काय? पिवळ्या टाकीत चौदाच्या चौदा माद्या, असं वहीत लिहिलेलं आहे. एप्रिलमध्ये मी माझा निवडलेला निळा नर सोडला. मेमध्ये नऊही जणी व्याल्या. जुलैत पिल्लांना रंग चढला, तर शेपट्यांवर हळदीचे डाग. एक पिल्लू धड निघालं नाही. शेजारचा दत्ताराम आला होता, त्याने पिवळ्या टाकीत बोट दाखवलं आणि म्हणाला, "अण्णा, तुमच्या माद्यांत हे दोन नवरदेव कधीपासून आहेत?"

माझा निळा म्हणजे कमरेपासून काळा, शेपूट गर्द निळी, एकही ठिपका नाही. आठ वर्षं लागली त्याला. आठ वर्षांत चुकीचा एक मासा त्या टाकीत गेला नव्हता.

ती पिवळी पिल्लं तू निवडली होतीस. ज्या रविवारी घर सोडलंस त्याच रविवारी. सकाळी तू टाक्यांपाशी होतीस आणि दुपारी तो आला. मन थाऱ्यावर नव्हतं तर पिल्लांना हात लावायचा नव्हता. 'आज नको अण्णा' म्हणाली असतीस तर मी काय खाल्लं असतं तुला?

आणि दोष देताना मी स्वतःला सोडत नाही. तुझ्या त्या बॅप्टिस्टला या घरात मीच घेतला. 'माझ्या ऑफिसातला मुलगा आहे, मरोळला त्यांच्या अंगणातल्या विहिरीत डास झालेत, म्युनिसिपालिटीचा माणूस दम देऊन गेलाय, आपले टाकाऊ गप्पी द्याल का,' असं तू म्हणालीस. मी दिले. नुसते दिले नाहीत, त्याला समोर बसवून तासभर माहिती दिली. तोही मान डोलावत ऐकत होता. पुढच्या महिन्यात पुन्हा डबा घेऊन हजर. मग पुन्हा. सात वेळा आला तो. एका विहिरीला सात वेळा मासे? गप्पी एकदा सोडले की पुरे, महिन्या-दोन महिन्यांत ते आपोआप विहीर भरतात. अख्ख्या मुलुंडला हे मी सांगत फिरतो, आणि सातही वेळा मी डबा भरून दिला. वर सांगितलं, 'अजून लागले तर ये हो.' तुम्ही दोघं जिन्यात हसत असाल.

त्या दुपारी तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. "अण्णा, मी तुमच्या दुसऱ्या टाकीतली मादी नाही." बापाशी असं बोलतात? शिकवलेलं सगळं असं तोंडावर फेकायचं? त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. ते कागदावर आणायचं कारण नाही.

निळे तू घालवलेस हे मी सबंध बिल्डिंगला सांगितलं आहे. तुझ्या आईकडून कानावर आलं तर माझ्याकडूनच आलं असं समज. उत्तराची अपेक्षा नाही.

शरच्चंद्र मोरेश्वर टिपणीस


गव्हाणपाडा, मुलुंड (पूर्व)
रविवार, १७ ऑगस्ट १९६९

चि. मृणालिनी हिस आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड पोचलं. बापाला खोटारडा म्हणायचं तर निदान पाकिटात घालून म्हणावं. ते आधी पोस्टमनने वाचलं असणार. मग दत्तारामने वाचलं, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. त्याने जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि त्याचा आवाज तुला माहीत आहे.

"अण्णा, पिवळी पिल्लं २२ जानेवारीची. ९ फेब्रुवारीला ती अठरा दिवसांची होती. अठरा दिवसांच्या पिल्लात नर-मादी ओळखता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी ती निवडली नाहीत. वही बघा. डोळे दाखवलेत का?"

शेवटचं वाक्य दत्तारामने दोनदा वाचलं. एकदा पुरे होतं.

मी वही काढली ती तुला उघडी पाडायला. खिडकीशी नेली, भिंग लावलं. २२ जानेवारी, पिवळी व्याली, पंचवीस पिल्लं: हे तुझं अक्षर. खाली, १६ फेब्रुवारी, पिवळी निवडली, नर अकरा, माद्या चौदा. हे अक्षर माझं. इतकं वेडंवाकडं की आधी मला ओळखू आलं नाही. म्हणजे पिल्लं मी निवडली. तुला जाऊन आठवडा झाला होता. घे, लिहून दिलं. आता हे पत्र फ्रेम करून मरोळच्या दिवाणखान्यात लाव.

पण मला एक सांग. १६ फेब्रुवारीला तू कुठे होतीस?

आठ वर्षं त्या खिडकीत कोण बसत होतं? मी नाही बसलो. मी वही घेऊन मागे खुर्चीत बसायचो आणि तू कप धरून सांगायचीस, "मादी. मादी. नर. अण्णा, हा नर बघा काय ऐटबाज होणार आहे." मी लिहायचो. लोकांना मी सांगायचो की ही माझी जात, मी तयार केली. तीन पिल्लांमागे एक टाकून द्यायचं ते तू ठरवायचीस. कॉलेजची परीक्षा असली तरी आधी पिल्लं, मग अभ्यास. नोकरी लागली तरी रविवार टाक्यांचा. आणि अशी माणसं एक दिवस चप्पल घालतात आणि जातात. मागे कप कोण धरणार याचा विचार नाही. चूक माझ्या हातून झाली, गुन्हा तुझाच आहे. मी या मतावर ठाम आहे.

आता डोळ्यांचं. पस्तीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. बारीक टायपातली पंचांगं तपासली. माझ्या हातून गेलेल्या पंचांगात एक तिथी चुकली नाही. माझ्या डोळ्यांची चौकशी करायला तू कोण? संध्याकाळी जरा धूसर दिसतं, ते या वयात सगळ्यांनाच दिसतं. दिव्याभोवती कडं दिसतं, ते दिवे खराब निघतात म्हणून. तुझ्या आईने तुला काहीतरी सांगितलेलं दिसतंय. ती जानकीमावशीच्या नावाखाली तुझ्याकडे येते हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. आमचं असं चाललंय. घरात सहा महिने आम्ही दोघं तुझं नाव घेत नाही आणि दुसरं काही बोलत नाही.

परवा ती चहा टाकता टाकता म्हणाली, "बॅप्टिस्टच्या आईने मला जेवायला वाढलं. एडना नाव तिचं. बोंबलाचं कालवण काय करते म्हणून सांगू." मी म्हटलं, कोण एडना? तर म्हणते, "कुणी नाही, रेडिओवर ऐकलं."

तुझ्या कार्डात त्या दुपारबद्दल अवाक्षर नाही. बरं केलंस.

ही शेवटची बातमी म्हणून लिहितो. निळे संपले असं समजू नकोस. स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या बरणीत गेल्या वर्षीचे दोन नर आणि एक म्हातारी मादी आहे. पिवळ्यांचा वारा तिला लागलेला नाही. अजून एक-दोन वेळा ती व्यायेल. तेवढ्यावरून मी सगळे पुन्हा उभे करीन. मी एकटा करीन. कप मी धरीन आणि वहीही मीच लिहीन.

ओळी तिरप्या गेल्यात. कागद घसरत होता.

शरच्चंद्र टिपणीस


गव्हाणपाडा, मुलुंड (पूर्व)
रविवार, ३१ ऑगस्ट १९६९

चि. सौ. मृणाल,

अनेक आशीर्वाद. अक्षरावरून तुला कळलंच असेल. हे पत्र मी, तुझी आई, लिहिते आहे आणि हे खुर्चीत बसून सांगताहेत. 'मी सांगेन तसं लिही, मध्ये आपलं काही घालू नकोस' असा हुकूम आहे. तेव्हा इथून पुढे बोलतात ते हे. मला काही घालावंसं वाटलंच तर कंसात घालीन. त्यांना दिसणार नाही.

मृणालिनी, गुरुवारी सकाळी मी डागी पिल्लं बिल्डिंगखालच्या विहिरीत सोडायला काढली. बिघडलेला माल घरात ठेवायचा नाही, हा आपला नियम. खिडकीत तीन बरण्या होत्या. दोन बरण्या डागी पिल्लांच्या. मी दोन उचलल्या, खाली गेलो, विहिरीत ओतल्या आणि वर आलो. तुझी आई खिडकीशी उभी होती. म्हणाली, "अहो, लोणच्याची बरणी कुठाय?"

मी तिला म्हटलं, असेल तिथेच. ती म्हणाली, "तिथे डागी आहेत."

(मी असं नाही म्हणाले. मी नुसती उरलेली बरणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांशी नेली, लांब धरली, परत डोळ्यांशी नेली. मग मला विचारलं, "रत्ना, यात काय आहे?" बत्तीस वर्षांत त्यांनी मला माशांबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.)

खाली जाऊन मी विहिरीच्या कठड्याशी तासभर बसलो. दत्तारामने बादली टाकली, जाळं लावलं. त्या विहिरीत आपलेच आठ वर्षांचे टाकाऊ आहेत, हजारो असतील. त्यांतून तीन कोण कसे काढणार? काढले असते तरी मला ओळखता आले नसते. संपलं. निळे आता नाहीत. यात तुझा काही संबंध नाही. हे वाक्य जाड अक्षरात लिही म्हणून हिला सांगितलं आहे.

शुक्रवारी डॉक्टरकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पिकला आहे, दिवाळीनंतर कापतील. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं तुम्ही काय करत होता? मी म्हटलं, मुलगी वाचून दाखवायची. बाप आंधळा झाला, आता तरी ये, अशा अर्थाचं हे पत्र नाही. तसा अर्थ काढलास तर मला राग येईल.

काल मी बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांवर गेलो आणि प्रत्येक दारात सांगितलं की निळे मृणालिनीने घालवले नाहीत, मी घालवले. वरच्या सुलक्षणाबाईंनी आत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "निळे म्हणजे काय हो?" एवढं सगळीकडे तुझं नाव बदनाम केलं आणि लोकांना मासे म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की टिपणीस आपल्या मुलीबद्दल वाईट बोलतात.

आता दुसरी गोष्ट. ही गोष्टही मी तिन्ही मजल्यांवर सांगत आलो होतो. 'मुलगी न सांगता गेली.' तू न सांगता गेली नाहीस. तू सांगायला आली होतीस. दोघं माझ्यापुढे आला होतात, मिठाईचा पुडा घेऊन. रजिस्टर लग्नाची तारीख ठरवायच्या आधी तुम्ही माझ्याकडे आलात. तो दारात उभा राहिला, मी बस म्हटलं नाही म्हणून बसला नाही. मी जातीबद्दल बोललो, धर्माबद्दल बोललो, त्याच्या आईबद्दलही बोललो, जिला मी कधी पाहिलेलं नाही. मग मी म्हणालो की मी आठ वर्षं एका माशात भेसळ होऊ दिली नाही आणि माझ्या घरात हे चालणार नाही. तेव्हा तू ते वाक्य बोललीस. मी पहिल्या पत्रात फक्त तुझं वाक्य लिहिलं. माझं गाळलं. पस्तीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस, गाळलेलं काय ते मला बरोबर कळतं.

(इथे मी म्हटलं, राहू दे, उद्या लिहू. तर म्हणाले, उद्या मी नाही सांगणार.)

मग मी तुझ्या थोबाडीत मारली. चोवीस वर्षांच्या मुलीच्या, तिच्या होणाऱ्या नवऱ्यासमोर. तो पुढे आला नाही. त्याने खाली वाकून तुझी चप्पल उचलली आणि तुझ्या पायाशी ठेवली. तेवढंच. मला त्याचाच जास्त राग आला. तो माझ्यावर हात टाकता तर बरं झालं असतं, सहा महिने सांगायला मला काहीतरी मिळालं असतं.

तुझी आई म्हणते, डोळ्यांनी दगा दिला, तुम्ही काय करणार. माशांच्या बाबतीत तसं म्हणता येईल. पिल्लं निवडताना मला दिसलं नाही, बरणी उचलताना दिसलं नाही. पण त्या दुपारी खिडकीतून ऊन येत होतं, तू माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होतीस आणि तुझा गाल मला स्वच्छ दिसत होता.

येत्या रविवारी मी मरोळला येतो. तू इकडे ये असं म्हणायचा अधिकार मी ठेवलेला नाही, म्हणून मीच येतो. तुझी आई हात धरून आणील. बस कुठली आणि उतरायचं कुठे ते तिला पाठ आहे. मासे मागायला येत नाही. बॅप्टिस्टशी मला बोलायचं आहे, आणि एडनाबाईंशीही. काय बोलायचं ते मी ठरवतो आहे, अजून नीट जमलेलं नाही. तू दार उघडलं नाहीस तर मी ओट्यावर थोडा बसेन आणि परत जाईन. रागावणार नाही.

(रागावतील. तरी तू उघड.)

खालची सही मी स्वतः करतो आहे. हिने बोट ठेवून जागा दाखवली आहे.

घरात घेतलंस तर तुझा,
अण्णा